कर्मवीर भाऊराव पाटील : जैन घरात जन्मलेली सर्वांची शाळा

कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या कराड नगरीपासून थोड्याच अंतरावर काले हे गाव आहे. या गावी विजयादशमीच्या दिवशी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, एका तिशीतल्या जैन गृहस्थाने एक शिक्षणसंस्था स्थापन केली. त्या वेळी संस्थेजवळ इमारत नव्हती, निधी नव्हता, आणि स्थापनकर्त्यापाशी पदवीही नव्हती. आज त्या संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा असून लाखो विद्यार्थी तेथे शिकत आहेत. ती संस्था म्हणजे रयत शिक्षण संस्था आणि ते गृहस्थ म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगौंडा पाटील.

जैन समाजाला भाऊरावांचा सार्थ अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्यांच्या जीवनाकडे केवळ अभिमानाने पाहून भागणार नाही. मुलांना कोणत्या शाळेत घालावे, आपल्या धर्माच्या वातावरणात वाढवावे की सर्वांच्या पंगतीत बसवावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील आईवडिलांपुढे उभा राहतो. भाऊरावांना तो प्रश्न विद्यार्थी म्हणून सोसावा लागला आणि पुढे संस्थापक म्हणून सोडवावा लागला. म्हणून त्यांचे चरित्र आजच्या पालकांसाठीही उपयुक्त आहे.

बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात कुंभोज येथे झाला. कुंभोज हे त्यांचे आजोळ. बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले हे गाव जैन समाजाला तीर्थस्थानाप्रमाणे परिचित आहे. पाटील घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. घराणे दिगंबर जैन, शेती करणारे, नेमधर्म पाळणारे. वडील पायगौंडा सरकारी नोकरीत कारकून असल्याने त्यांची ठिकठिकाणी बदली होत असे. त्यामुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण एका गावी झाले नाही. विटे, दहिवडी अशा गावांतून त्यांनी शाळा पाहिली. आईचे नाव गंगाबाई.

लहानपणी त्यांचा ओढा पुस्तकांपेक्षा कुस्ती आणि पोहण्याकडे अधिक होता. अन्याय दिसला की त्यांना राहवत नसे. अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांना विहिरीवर पाणी मिळत नाही, त्या तासन्‌तास ताटकळत उभ्या राहतात, हे पाहून संतापलेल्या बाल भाऊरावांनी विहिरीवरचा रहाटच मोडून टाकल्याची कथा त्यांच्या सर्व चरित्रांतून येते. मुलाच्या या वागण्याने घरच्यांना किती त्रास झाला असेल, याची कल्पना करता येते. कर्मठ घर, सरकारी नोकरी आणि गावाचा रोष अशा कात्रीत वडील सापडले होते.

कोल्हापूरचे बोर्डिंग

इ. स. १९०२ च्या सुमारास भाऊराव माध्यमिक शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले. त्या काळी खेड्यातील मुलाला शहरात शिकण्यातली मोठी अडचण राहण्या-जेवण्याची असे. शाळेची दारे उघडी असली तरी शहरात कोणाच्या घरी राहावे, कोणाच्या हातचे जेवावे, हा प्रश्न जातीपाशी येऊन अडत असे. राजर्षी छत्रपती शाहू महाराजांनी ही अडचण अचूक ओळखली आणि कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांची जबाबदारी उचलावी, महाराजांनी जागा आणि अनुदान द्यावे, अशी ती व्यवस्था होती. या वसतिगृहांनी दक्षिण महाराष्ट्रातील बहुजन समाजाची पहिली सुशिक्षित पिढी घडविली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

जैन समाजही या बाबतीत जागा झाला होता. इ. स. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली होती. शेतकरी जैनांची मुले शिकली पाहिजेत, हा तिचा ध्यास होता. सभेच्या धुरीणांपैकी एक म्हणजे अण्णासाहेब लठ्ठे. ते विद्वान, सुधारणावादी आणि शाहू महाराजांच्या निकटचे होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि भाऊराव त्याच बोर्डिंगमध्ये राहत होते. जैन आईवडिलांच्या दृष्टीने याहून निर्धास्त जागा दुसरी नव्हती. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, देवदर्शन, कंदमुळांचा त्याग हे सारे घरचे नियम तेथे मुलाला सांभाळता येत होते.

इ. स. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या रिवाजाप्रमाणे स्नान करून शुद्ध व्हावे, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. माणसाच्या सहवासाने विटाळ होतो हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते आणि न पटलेली गोष्ट करण्याची त्यांना सवय नव्हती. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

या प्रसंगाचे वर्णन करताना लठ्ठे यांना दोषी ठरविण्याची घाई होते. ती टाळली पाहिजे. लठ्ठे स्वतः जातिभेदाचे समर्थक नव्हते. परंतु बोर्डिंग चालते ते पालकांच्या विश्वासावर. खेड्यातील जैन बाप आपला मुलगा तेथे ठेवतो तो घरचे आचार मोडणार नाहीत या भरवशावर. एका मुलासाठी नियम मोडला असता तर इतर मुलांचे पालक त्यांना घरी घेऊन गेले असते, ही भीती त्या काळी निराधार म्हणता येत नाही. म्हणजे एका बाजूला पालकांचा आग्रह होता आणि दुसऱ्या बाजूला एका विद्यार्थ्याचे मन. संस्थेने पालकांची बाजू घेतली. समाजाच्या प्रत्येक शिक्षणसंस्थेपुढे हा पेच कधी ना कधी येतोच.

बोर्डिंग सुटल्यावर भाऊरावांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. राजवाड्याच्या सहवासात त्यांनी महाराजांचे कार्य जवळून पाहिले. अभ्यासात मात्र गणिताने त्यांना दगा दिला. महाराजांनी मुख्याध्यापकांकडे त्यांना वर चढविण्याची शिफारस केली असता, मुख्याध्यापकांनी मुलाऐवजी त्याच्या बाकाला वर चढविण्याची तयारी दाखविली, अशी आठवण सांगितली जाते. महाराजांनी त्या बाणेदारपणाचा मान राखला. भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही.

याच सुमारास घडलेली आणखी एक घटना उल्लेखनीय आहे. इस्लामपूर येथे वर्गाच्या बाहेर बसून शिकणारा एक अस्पृश्य मुलगा भाऊरावांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याला बरोबर घेतले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन पोहोचविले. तो मुलगा म्हणजे पुढे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झालेले ज्ञानदेव घोलप.

सत्याची कसोटी

इ. स. १९०९ च्या सुमारास भाऊरावांचा विवाह कुंभोजच्या अदक्काबाई यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. पुढे भाऊराव साताऱ्यास येऊन शिकवण्या करू लागले. पाटील मास्तर म्हणून त्यांचा लौकिक झाला. स्वतः गणितात मागे पडलेला हा तरुण इतरांच्या मुलांना शिकवून संसार चालवू लागला. याच काळात दूधगाव येथे काही जैन सहकाऱ्यांच्या साह्याने त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. त्यात सर्व जातींच्या मुलांना प्रवेश होता. बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने काढलेले हे पहिले बोर्डिंग, आणि तेही जैन मंडळींच्याच हातभाराने, ही गोष्ट विसरता कामा नये. पुढे वाळवे तालुक्यातील नेर्ले येथेही त्यांनी असाच प्रयत्न केला.

इ. स. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांना डांबर फासले गेले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर संशय घेण्यात आला. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांनी आपल्याला बोर्डिंगमधून काढले त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. खोटी साक्ष दिली असती तर सुटका होती, कदाचित बक्षीसही होते. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना कोठडीत डांबले, अनन्वित छळ केला. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, परंतु असत्य वचन त्यांच्या मुखातून निघाले नाही. अखेर त्यांची सुटका झाली.

सत्य हे श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी एक. हे व्रत भाऊरावांना कोणत्या वर्गात शिकविले गेले, हे सांगता येणार नाही. घरातील संस्कार, बोर्डिंगमधील दिवस आणि स्वतःचा स्वभाव या तिन्हींचा त्यात वाटा असावा. बोर्डिंगचा नियम मोडणारा विद्यार्थी व्रताच्या कसोटीला मात्र पूर्ण उतरला. लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि इ. स. १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. शाहू महाराजांचे चरित्रही त्यांनी लिहिले. एका बोर्डिंगच्या व्यवस्थापकाने आणि त्याच्या विद्यार्थ्याने दक्षिण महाराष्ट्राची इतकी सेवा करावी, हा योग विरळाच.

नांगर, कंदील आणि काले

संसारासाठी भाऊरावांनी विक्रेत्याचा व्यवसाय पत्करला. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि कराडजवळच्या ओगलेवाडीतील ओगले काच कारखान्याचा माल यांच्या प्रसारासाठी ते गावोगाव हिंडले. पुढे साताऱ्याचे धनजीशा कूपर यांच्या लोखंडी कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा मोठा सहभाग होता. व्यापारी बांधवांना या कामाचे महत्त्व सहज कळेल. गिऱ्हाईकाच्या ओसरीवर बसल्याशिवाय त्याची गरज कळत नाही. नांगर विकताना भाऊरावांना शेतकऱ्याचे सारे घर दिसले. सावकाराचे कर्ज, न वाचता उमटविलेला अंगठा, कोर्टकज्जे, आणि गुरांमागे जाणारी मुले. लोखंडी नांगराने जमीन उलटेल, पण या घराचे दैन्य शाळेशिवाय हटणार नाही, अशी त्यांची खात्री झाली.

या फिरतीतच महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांशी त्यांचे नाते जडले. काले येथील सत्यशोधक समाजाच्या परिषदेत शिक्षणसंस्था काढण्याचा विचार पक्का झाला आणि विजयादशमीला रयत शिक्षण संस्था जन्मास आली. नावातील रयत हा शब्द हेतुपुरस्सर निवडलेला होता. त्यात कोणत्याही जातीचे किंवा धर्माचे नाव नव्हते. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड निर्माण करणे, गरीब मुलांना शक्य तितके मोफत शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये परस्परांविषयी प्रेम वाढविणे आणि मुलांना काटकसरी, स्वावलंबी व शीलवान बनविणे, असे संस्थेचे उद्देश ठरले.

काले येथे वसतिगृह सुरू झाले. शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांना निरनिराळी छत्रे दिली होती. भाऊरावांनी ती सारी मुले एका छताखाली आणली. एका अर्थाने हा गुरूच्या कार्याचा पुढचा टप्पा होता. आधी प्रत्येक समाजाचे बोर्डिंग निघाले नसते, तर मुलांना घराबाहेर ठेवण्याची सवय आईवडिलांना लागली नसती, आणि मग सर्वांचे बोर्डिंगही निघाले नसते.

साताऱ्याचे बोर्डिंग आणि रयतमाउली

इ. स. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास हलले आणि तेथे नवे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करतात, एका पंगतीत जेवतात, एकत्र राबतात, हे पाहून गांधीजी प्रसन्न झाले होते. भाऊरावांनी त्याआधीच खादी स्वीकारली होती. अंगावर जाडाभरडा सदरा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पांढरी दाढी आणि अनवाणी पाय, हीच पुढे त्यांची ओळख झाली.

बोर्डिंगचा खर्च कसा चालत असे, हे समजून घेणे बोधप्रद आहे. गावोगावच्या घरांतून दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते बोर्डिंगला द्यावे, असा मुष्टिफंडाचा मार्ग होता. मुले शेतात राबत, भाजीपाला पिकवीत, दगड फोडीत, इमारतीच्या भिंती उभारीत. स्वावलंबन हेच संस्थेचे ब्रीद आणि विस्तारणारा वटवृक्ष हेच तिचे बोधचिन्ह. फी देण्याची ऐपत नसलेल्या बापाला मुलगा शाळेत घालण्याचा अधिकार कागदावर असून उपयोग काय? श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण, या योजनेने त्या बापाच्या हाती प्रथमच खरी निवड आली.

तरीही तूट येत असे. ती भरून काढली लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाई सुखवस्तू आणि कर्मठ जैन घरातून आलेल्या. सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांच्या अंगी मुरलेले होते. अशा स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या घरात घ्यावे, त्यांची उष्टी काढावी, आजारपणात उशापायथ्याशी बसावे, हे सोपे नव्हते. पतीच्या मताची सक्ती म्हणून त्यांनी हे केले असते तर ते इतकी वर्षे टिकले नसते. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांनी एकेक दागिना मोडला आणि एका कठीण प्रसंगी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. सौभाग्याचे लेणे उतरविताना त्या काळच्या स्त्रीच्या मनात काय आले असेल, याचा विचारही अंतःकरण हेलावणारा आहे. इ. स. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे अकाली निधन झाले. रयत परिवार त्यांना रयतमाउली म्हणून वंदन करतो. अपरिग्रहाचे व्रत पोथीत वाचणारे पुष्कळ असतात, संसारात आचरणारे थोडे. लक्ष्मीबाई त्या थोड्यांपैकी एक होत्या.

आईवडिलांचे मन वळविणे

एकत्र बोर्डिंगला विरोध केवळ उच्चवर्णीयांकडून झाला, असे मानणे चुकीचे ठरेल. आपला मुलगा दुसऱ्या जातीच्या मुलाशेजारी जेवतो हे कळल्यावर अस्वस्थ होणारे आईवडील सर्वच समाजांत होते. मुलगा जातीबाहेर पडेल, त्याच्या लग्नाला अडथळा येईल, त्याचा देवधर्म सुटेल, अशा त्यांच्या शंका होत्या. त्या खुळ्या म्हणून उडवून लावण्यासारख्या नव्हत्या, कारण त्या मुलाच्या मायेतून उपजल्या होत्या. भाऊरावांनी त्यावर वादविवाद थोडा केला. आपली पत्नी, आपले घर आणि आपली मुले त्यांनी त्याच पंगतीत आणून बसविली. संस्थाचालक स्वतःच्या मुलाला ज्या ठिकाणी ठेवतो तेथे इतरांनाही आपला मुलगा ठेवावासा वाटतो. पालकांचा विश्वास संपादन करण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

कालांतराने बोर्डिंगची मुले शिकून मोठी झाली. त्यांतीलच एक बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर आल्यावर खेड्यातील बापाला निराळा उपदेश करावा लागला नाही.

वटवृक्षाचा विस्तार

इ. स. १९३२ च्या पुणे कराराच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. गावोगाव शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून इ. स. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक प्रशिक्षणाचे विद्यालय सुरू झाले. त्यानंतर डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांतून, जेथे सरकारची शाळा पोहोचली नव्हती तेथे, व्हॉलंटरी शाळा निघाल्या. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. पुढे या शाळा स्कूल बोर्डाच्या स्वाधीन करण्यात आल्या. उभारलेली गोष्ट योग्य वेळी हातातून सोडणे हेही त्यागाचेच लक्षण होय.

इ. स. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल सुरू झाले. इ. स. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. या कॉलेजला आपले नाव द्यावे या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्यास भाऊरावांनी नकार दिला. जन्मदात्याचे नाव बदलता येईल, परंतु शिवछत्रपतींचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आजही सांगितले जाते. महात्मा गांधींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ थांबविले. तेव्हा लोकांनी संस्था तगवून धरली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकारी मदत घ्यावी, पण तिच्यावाचून अडून बसू नये, हा धडा प्रत्येक विश्वस्ताने घ्यावा असा आहे.

कराडकरांच्या दृष्टीने इ. स. १९५४ हे वर्ष संस्मरणीय आहे. त्या वर्षी येथे सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. जे स्वतः शाळेत शिकले नाहीत, पण ज्यांनी आयुष्यभर शिक्षणाचा महिमा गायिला, त्या गाडगेबाबांचे नाव कॉलेजला दिले गेले. ज्या परिसरात संस्थेचे बीज पडले त्याच परिसरात पस्तीस वर्षांनी महाविद्यालय उभे राहिले. कराडमधील जैन घरांतील अनेक मुलामुलींनी याच कॉलेजात शिक्षण घेतले आहे.

दुसरी वाट

भाऊरावांचा मार्ग हा एकच खरा मार्ग, असे म्हटल्यास इतिहासावर अन्याय होईल. इ. स. १९१८ मध्ये, रयतच्या स्थापनेच्या केवळ एक वर्ष आधी, विदर्भातील कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. त्यामागील प्रेरणा असलेल्या पूज्य समंतभद्र महाराजांनी पुढे इ. स. १९३४ मध्ये कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्री गुरुकुल स्थापन केले. म्हणजे कर्मवीरांच्या जन्मगावाच्या शिवारातच जैन संस्कारांवर आधारलेली निवासी शिक्षणसंस्था उभी राहिली. शालेय अभ्यासाबरोबर धर्मशिक्षण, सामायिक, पूजा, संयमित आहार आणि स्वकष्ट असा तेथील दिनक्रम. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातील असंख्य शेतकरी जैन कुटुंबांनी विश्वासाने आपली मुले तेथे पाठविली आणि ती शिकून कर्ती झाली.

एकाच गावाच्या परिसरातून निघालेल्या या दोन वाटा परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींत पुष्कळ साम्य आहे. गरिबाचे मूल, साधी राहणी, अंगमेहनत, शीलावर भर आणि समाजाच्या दानावर चालणारा कारभार हे दोन्हीकडे आढळते. फरक एवढाच की गुरुकुलाने धर्माची परंपरा पुढच्या पिढीकडे पोहोचविण्याचे काम केले आणि रयतने त्या धर्मातील दयेची कक्षा सर्व समाजापर्यंत वाढविली. समाजाला दोन्हींची गरज होती. ज्या घरात धर्मसंस्कार घडविण्यास वेळ व साधने आहेत त्या घराने मुलाला सर्वांच्या शाळेत निर्धास्तपणे घालावे. ज्या घराला ते शक्य नाही त्याला धार्मिक संस्थेचा आधार हवा.

भारतीय राज्यघटनेनेही हीच दृष्टी ठेवली आहे. अनुच्छेद ३० प्रमाणे धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. त्याच वेळी अनुच्छेद २८ सांगतो की, शासनाने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या संस्थेत विद्यार्थ्याला, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाला विचारल्याशिवाय, धर्मशिक्षणात भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद २९ प्रमाणे सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्यामुळे आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांना हा हक्क स्पष्टपणे प्राप्त झाला आहे.

हक्क मिळाला म्हणजे जबाबदारीही आली. अल्पसंख्याक दर्जा हा केवळ प्रवेशाच्या जागा राखण्यासाठी किंवा नियमांतून सवलत मिळविण्यासाठी वापरला गेला, तर तो समाजाला लहान करील. आज अनेक सधन घरांतून शाळेची निवड फीच्या आकड्यावरून आणि इमारतीच्या झगमगाटावरून होते. धर्माचे संस्कार पाठशाळेवर आणि शिक्षण शाळेवर सोपवून आईवडील मोकळे होतात. कर्मवीरांच्या काळातील पालक निदान आपल्या मुलाच्या ताटात काय पडते आणि तो कोणाशेजारी बसतो याची चौकशी करीत होते. त्यांची चौकशी कधी संकुचित असेल, पण ती मनापासून होती. आजच्या पालकांनी तीच आस्था ठेवून प्रश्न मात्र वेगळे विचारावेत. आपल्या मुलाच्या शाळेत गरिबाचे मूल आहे काय? तेथे अंगमेहनतीला मान आहे काय? मूल खरे बोलण्यास शिकते काय? या तिन्हींचे उत्तर होय असेल, तर शाळेच्या पाटीवर कोणाचे नाव आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

अखेरचे दिवस

जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब देऊन गौरविले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी प्रदान केली. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाचा हा विद्यापीठीय सन्मान म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या हजारो मुलांचाच सन्मान होता. प्रकृती मात्र खालावत गेली होती. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे कर्मवीरांची प्राणज्योत मालवली. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. त्यांच्या निधनसमयी संस्थेची शंभरावर हायस्कुले आणि तीन महाविद्यालये होती, तसेच अनेक वसतिगृहे चालू होती. इ. स. २०२१ मध्ये साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आहे.

जैन बोर्डिंगने ज्या विद्यार्थ्याला बाहेर काढले त्यानेच पुढे जैन समाजाचे नाव महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचविले. त्याने समाजाविषयी मनात कटुता धरली नाही, लठ्ठ्यांविषयी द्वेष बाळगला नाही, आणि मुलांना जवळ करताना त्यांचा धर्म विचारला नाही. त्याला घडविण्यात समाजाच्या बोर्डिंगचाही वाटा होता, ही गोष्ट त्या बोर्डिंगच्या उपकारकर्त्यांना समाधान देणारी आहे. संस्था आपल्या नियमांना जपते, तसे तिने आपल्या भाऊरावांनाही जपावे. नियम मोडणारे प्रत्येक मूल भाऊराव नसते, हे खरे. पण त्यांच्यात एखादा भाऊराव असू शकतो याची आठवण विश्वस्तांनी, शिक्षकांनी आणि आईवडिलांनी सदैव ठेवावी.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी, कराडच्या पंचक्रोशीत ज्ञानाचे बीज पेरणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांना आणि त्या बीजाला आपले सौभाग्यलेणे वाहणाऱ्या रयतमाउली लक्ष्मीबाई यांना समस्त जैन समाजाच्या वतीने विनम्र अभिवादन.